स्कीममध्ये क्रूझ लागली तर कोणती घ्यायची, मुंबईवाली की सिंगापूरवाली?

मार्च लागला की आपल्या कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर एकच चर्चा असते, कोणत्या कंपनीच्या स्कीममध्ये किती माल विकल्यावर कोणती टूर. आधी गोवा होतं, मंग बँकॉक-पटाया झालं, आता बियाणेवाले आणि खतवाले दोघंही क्रूझ देऊन रायले. मी मुंबई-गोवावाली स्कीममध्ये केली आणि त्यानंतर आई, घरची आणि दोन्ही लेकरं घेऊन सिंगापूरवाली स्वतःच्या पैशानं केली, त्यामुळं दिग्रस, पुसद, कारंजा, जिकडून तिकडून फोन येतात की भाऊ कोणती चांगली, जेवण कसं आहे, आपल्या माणसाले जमते का. प्रत्येकाले फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी जहाजं कोणती ते. मुंबईवरून जे जाते ते कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस. हे जहाज १९९० चं आहे, फ्रान्समध्ये बांधलेलं, आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडं होतं आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडं चालू झालं. लांबी २११ मीटर, टनेज (म्हणजे जहाजाच्या आकाराचं माप) ४८ हजाराच्या वर. सिंगापूरवालं म्हणजे जेंटिंग ड्रीम, २०१६ मध्ये जर्मनीत बांधलं, ३३५ मीटर लांब आणि दीड लाख टनेज, म्हणजे एम्प्रेसच्या तिप्पट. त्यामुळं स्लाइड किती, थिएटर केवढं, स्विमिंग पूल किती अशी तुलना करण्यात काही मतलब नाही, त्यात मोठं जहाज जिंकणारच. तुलना करायची ती जेवणाची, सर्व्हिसची आणि तिकिटात काय काय येते याची, कारण पैसे तिथंच वसूल होतात नाहीतर तिथंच जातात.

पोचायच्या बाबतीत मुंबईवाली आपल्यासाठी एकदम सोपी. विदर्भ एक्सप्रेसनं रात्री बडनेऱ्याहून बसा, सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पियरचं टर्मिनल टॅक्सीनं जवळच आहे. अकोलेवाल्यांनाही तीच गाडी. भारतीय माणसाले या गोव्याच्या फेरीसाठी पासपोर्ट लागत नाही, फोटोचं ओळखपत्र चालते. सिंगापूरले मात्र पासपोर्ट, व्हिसा, विमान, एक रात्र हॉटेल, सगळं आलं, आणि व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच पाह्यजे, कारण जहाज पेनांग किंवा फुकेतले जाऊन परत सिंगापुरात येते म्हणजे तुमची दुसऱ्यांदा एंट्री होते.

आता जेवण, कारण नव्वद टक्के फोन त्याच्यासाठीच येतात.

दोन्हीकडं शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, ही भीती डोक्यातून काढून टाका. एम्प्रेसवर तर बहुतेक लोक आपलेच, गुजराती-मारवाडी मंडळी भरपूर, त्यामुळं पोळी, दाळ, भात, पनीर, इडली-पोहे हे सगळं फूड कोर्टात असतेच आणि जैन जेवणही मिळते. स्टारलाईट नावाचं रेस्टॉरंट पण तिकिटातच आहे, चॉपस्टिक्स नावाचं चायनीज-थाईवालं मात्र वेगळे पैसे देऊन. जेंटिंग ड्रीमवर लिडो नावाच्या बुफेत भारतीय शाकाहारी पदार्थ असतात, आणि त्यांचं शाकाहारी आणि जैन जेवण सर्टिफाइड आहे, हे आईले सांगितलं तेव्हाच ती याले तयार झाली. आमची आई माळकरी, कांदा-लसूण बंद, दर एकादशीले उपवास. तर माळकरी घरवाल्यांसाठी माझा पक्का सल्ला असा की बुकिंग करतानाच फॉर्ममध्ये जेवण ‘जैन’ भरा, फक्त व्हेज लिहिलं तर कांदा-लसूण येणारच, जैन लिहिलं की तो प्रश्नच मिटते, आलूही जातो पण तेवढं चालून जाते. आणि हे जहाजावर चढल्यावर नाही, आधीच कळवा, कारण त्यांचं सामान बंदरावरून मोजून भरलेलं असते. उपवासाचं मात्र घरून न्या, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, दाणे असं कोरडं आणि पॅकबंद. शिजवलेलं जेवण वर नेऊ देत नाहीत, इलेक्ट्रिक शेगडी-केटल तर सामानाच्या स्कॅनिंगमध्येच काढून ठेवतात, आगीच्या भीतीनं.

पण जेवणाबद्दल मले खरं जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. आपले लोक जहाजावर चढले की सरळ बुफेत घुसतात आणि उतरेपर्यंत बुफेतच जेवतात. कोणत्याही जहाजावर रात्री साडेआठ-नऊले बुफेत बम गर्दी असते, प्लेट घेऊन टेबल शोधत फिरा, म्हाताऱ्या माणसाले कुठं बसवायचं ते पाहा, लेकरू हात सोडून पळून रायलं, आणि हेच लोक घरी येऊन सांगतात की सर्व्हिस काही खास नव्हती. अरे पण तुम्ही सर्व्हिस घेतलीच कुठं. जहाजावरची सर्व्हिस ही बसून जेवायच्या हॉलमध्ये असते, जिथं मेनू कार्ड येते, वेटर विचारून वाढते, एकानंतर एक कोर्स येते, आणि ते बहुतेक जहाजांवर तिकिटातच धरलेलं असते, एक रुपया जास्तीचा नाही. फक्त वेळ पाळा लागते, पुष्कळ जहाजांवर रात्रीच्या दोन पाळ्या असतात, आणि हाफपँट-चप्पल चालत नाही. आपल्याकडं लग्नात पंगत उठून बुफे आला तेव्हा जे गेलं, म्हणजे आग्रहानं वाढणारा माणूस, तो माणूस त्या हॉलमध्ये भेटते.

जेंटिंग ड्रीमवर तो हॉल म्हणजे ड्रीम डायनिंग रूम. पहिल्या रात्री तिथं जो फिलिपिन्सचा वेटर होता त्यानं मुलीकडून इंग्रजीत सगळं समजून घेतलं, आजी काय खाते, काय खात नाही, तिखट किती. दुसऱ्या रात्री आम्ही मुद्दाम त्याच टेबलाची विनंती केली तर आम्ही बसायच्या आधी आईच्या जागेवर चमच्यासोबत गरम पाण्याचा ग्लास ठेवलेला, कारण आदल्या रात्री तिनं बर्फाचं पाणी बाजूले सरकवलं होतं हे त्यानं पाह्यलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. सूप आणलं तर आधी आईले, मंग आम्हाले. तिसऱ्या रात्री आईनं त्याले मराठीतच विचारलं, ‘तू जेवला का रे बावा?’ मुलीनं इंग्रजीत करून सांगितलं तर त्यानं हात जोडले. याले मी सर्व्हिस म्हणतो, आणि याच्यासाठी मी परत पैसे भरायले तयार आहे, स्लाइडसाठी नाही.

एम्प्रेसवर त्या मानानं भाषेचं सुख जास्त. बराच स्टाफ भारतीय, गोव्याचे तर कितीतरी, कारण गोव्यात घरटी कोणी ना कोणी जहाजावर काम केलेलं सापडते. हिंदीत बोला, थेट सांगा की भाजी कमी तिखट पाह्यजे, काम होते. आमच्या ग्रुपमध्ये असे डीलर होते जे मुंबईच्या पुढं कधी गेले नव्हते, समुद्र पहिल्यांदाच पाहत होते, त्यांना तिथं कुठंच अवघडल्यासारखं झालं नाही, ही त्या जहाजाची मोठी गोष्ट आहे आणि मी तिले कमी समजत नाही.

या कामगारांबद्दल एक सांगतो. हे लोक सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर असतात, आणि आपल्यासारखी आठवड्याची सुट्टी तिथं नसते. मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन म्हणून २००६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, भारतानंही तो २०१५ मध्ये स्वीकारला, त्यात कामाचे तास २४ तासांत जास्तीत जास्त १४ आणि आठवड्यात ७२ अशी एक मर्यादा धरली आहे. मर्यादाच एवढी आहे, यावरून अंदाज करा. म्हणून केबिन साफ करणाऱ्याले चुटकी वाजवून बोलावणं, ‘ए छोटू’ म्हणणं हे आपल्या ग्रुपमधले काही लोक करतात ते मले अजिबात पटत नाही. नाव छातीवर लिहिलेलं असते, नावानं हाक मारा.

आता पैसे. एजंट लोक ‘सगळं इन्क्लुझिव्ह’ म्हणून विकतात, आमच्याही एजंटनं तेच सांगितलं होतं आणि ग्रुपमधले लोक बिल पाहून चमकले. तिकिटाचे तुकडे लिहून मागा: केबिनचं भाडं, पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी, टॅक्स. यातलं ग्रॅच्युइटी म्हणजे टिप, पण ती ऐच्छिक वाटते तशी नसते, बहुतेक परदेशी जहाजांवर माणशी रोजची आपोआप लागते. उदाहरण घ्या, रॉयल कॅरिबियननं ती साध्या केबिनले माणशी रोज साडेअठरा डॉलर केली होती, सुटवाल्यांना (सुट म्हणजे मोठी, महागडी केबिन) २१. चार माणसं, चार रात्री, म्हणजे २९६ डॉलर फक्त टिपचे, आणि हे तिकीट स्वस्त दिसते तेव्हा कोणी सांगत नाही. बाकी दारू, कोल्ड्रिंक, इंटरनेट, स्पा, स्पेशल रेस्टॉरंट, किनाऱ्यावरची सहल, हे सगळं वेगळं. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं जे कार्ड भेटते त्याच्यावरच सगळं लिहिलं जाते आणि शेवटी हिशोब होते, त्यामुळं लेकरांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या किंवा लिमिट टाकून घ्या, रिसेप्शनवर पाच मिनिटांचं काम आहे. आणि रोज रात्री रिसेप्शनवर नाहीतर टीव्हीवर आपलं बिल पाहत जा, शेवटच्या सकाळी तिथं जी लाईन लागते त्यात उभं राहून भांडण्यात अर्थ नाही.

मोबाइलचं तर ठळक करून ठेवा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडते आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते धरलेलं नसते. चढल्यावर फ्लाइट मोड टाका, वायफायचं पॅक घ्यायचं असेल तर एकाच फोनवर घ्या.

केबिनमध्ये फरक मोठा आहे. एम्प्रेस जुन्या पद्धतीचं जहाज, बाल्कनीवाल्या केबिन थोड्याच, बहुतेक आतल्या किंवा खिडकीवाल्या, आणि आतली केबिन म्हणजे दोघांनी एकाच वेळी बॅग उघडली तर चालायले जागा नाही. जेंटिंग ड्रीमवर निम्म्याच्या वर केबिनांना बाल्कनी आहे. आईसोबत असेल तर बाल्कनीचे पैसे द्या, तिनं सकाळचा हरिपाठ तिथंच बसून म्हटला आणि दिवसभर गर्दीत यायची गरजच पडली नाही. फक्त मित्र-मित्र जात असाल तर आतली घ्या, झोपायपुरतंच तिथं जाता. मळमळ होणाऱ्यांनी मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर केबिन मागा, तिथं हलणं कमी लागते, ॲव्होमिनची गोळी डॉक्टरले विचारून आधीच घ्या. छोटं जहाज मोठ्यापेक्षा जास्त हलते.

पर्क्स म्हणजे जास्तीच्या सोयी-सवलती, त्याबद्दल विचारणारे कमी आहेत पण एजंट त्याचाच गाजावाजा करतात. जेंटिंग ड्रीमवर पॅलेस नावाचा सुटवाल्यांचा वेगळा विभाग आहे, त्यांचा बटलर, त्यांचं रेस्टॉरंट, त्यांचा पूल. ज्याले गर्दीच नको त्याच्यासाठी ठीक आहे. आपल्यासारख्यानं त्याच पैशात सासू-सासऱ्यालेही सोबत न्यावं असं माझं मत. मेंबरशिपचं पण तसंच. माझा भाचा हिंजवडीले आहे, तो रॉयल कॅरिबियनचे पॉइंट जमा करते, त्यांच्या क्राउन अँड अँकर सोसायटीत एका रात्रीचा एक पॉइंट, सुटमध्ये दोन. तीन पॉइंटवर गोल्ड होते, पण रोजची चार ड्रिंक फुकट भेटतात ती डायमंडले, म्हणजे ८० पॉइंटवर, आणि सगळ्यात वरचं पिनॅकल ७०० वर. जे वर्षाले दोनदा जातात त्यांनी जमा करावे. आपण कापूस-सोयाबीनचा सीझन पाहून दोन-चार वर्षांतून एकदा जाणारे, आपण पॉइंटच्या नादानं कंपनी निवडू नये, ज्या तारखेले ज्याचं बसते त्याचं घ्यावं.

आणि चढल्यावर सेफ्टीची ड्रिल असते, ती टाळू नका. २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया इटलीजवळ बुडालं, तेव्हा नवीन चढलेल्या कितीतरी प्रवाशांची ड्रिल व्हायचीच होती, त्यानंतर ही ड्रिल जहाज निघायच्या आधी किंवा निघताबरोबर घेणं बंधनकारक झालं. आमच्या ग्रुपमधले चार जण खोलीत पत्ते घेऊन बसले होते, स्टाफनं येऊन उठवलं आणि बरोबर केलं.

तर विचारणाऱ्यांना माझं उत्तर असं. स्कीममध्ये ग्रुपनं जायचं, पहिल्यांदाच जहाज पाहायचं, इंग्रजीचं टेन्शन, तर डोळे मिटून मुंबई-गोवा. घरचे लोक, त्यात म्हातारं माणूस आणि लेकरं, आणि पैसे थोडे जमवलेले आहेत, तर सिंगापूर, पण बाल्कनी घेऊन आणि रात्रीचं जेवण हॉलमध्ये बसून. कंपनी रोख आणि क्रूझ यातलं एक घ्या म्हणत असेल आणि उधारी वसूल व्हायची असेल तर रोख घ्या, जहाज पुढच्या वर्षीही तिथंच आहे.

सिंगापूरचं ज्यांच्या मनात आहे त्यांनी पासपोर्ट आताच पाहा, प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने शिल्लक लागतात. नवीन काढायचा असेल तर पेरणीच्या गर्दीच्या आधी अर्ज टाका, आणि आईवडिलांचं आधारवरचं आणि जन्माच्या दाखल्यावरचं नाव एकसारखं आहे का ते पहिले तपासा, आमच्याकडं सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला.