चौदा महिन्यांची कोरियन: वापरानंतरचा अनुभव

नवऱ्याच्या नोकरीच्या निमित्ताने मी वयाच्या ४३ व्या वर्षी दक्षिण कोरियातील सुवॉन शहरात राहायला आले आणि आल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात कोरियन शिकायला बसले. त्याला आता १४ महिने झाले. एवढ्या काळात मोबाईलवरील एक अॅप, दोन छापील पुस्तके, येथील न्याय मंत्रालयाच्या कार्यक्रमातील वर्ग आणि बाजारातले रोजचे बोलणे, असे सगळे काही वापरून झाले. मोठेपणी ही भाषा शिकू पाहणाऱ्या मराठी माणसासाठी माझे मत आधीच सांगून टाकते. लिपी आठवड्याभरात येते, व्याकरणाची निम्मी वाट मराठीने आपल्यासाठी आधीच मोकळी करून ठेवलेली असते, पण कान तयार व्हायला वर्ष लागते. जाहिरातींत यातली पहिलीच गोष्ट सांगितली जाते, आणि उरलेल्या दोन गोष्टींची कल्पना नसल्यामुळे पुष्कळ जण तिसऱ्या महिन्यात हे शिक्षण सोडून देतात.

आधी लिपीविषयी. हांगुल सोपी आहे, कारण ती सोपी व्हावी म्हणूनच घडवली गेली. जोसॉन घराण्याचा चौथा राजा सेजोंग याने ती १४४३ मध्ये तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. आपल्या देशाची भाषा चिनी भाषेहून वेगळी आहे, चिनी अक्षरांत ती नीट मावत नाही, आणि त्यामुळे साध्या माणसाला मनातले लिहिता येत नाही, हे कारण त्याने प्रस्तावनेतच दिले आहे. मूळ अक्षरे २८ होती. त्यांतली चार मागे पडली आणि आज १४ व्यंजने व १० स्वर अशी २४ अक्षरे वापरात आहेत. शहाण्या माणसाला ही अक्षरे सकाळ सरायच्या आत येतील आणि मंदबुद्धीच्या माणसालाही दहा दिवसांत शिकता येतील, असे त्या काळच्या स्पष्टीकरणग्रंथात चॉंग इन-जी या विद्वानाने लिहून ठेवले आहे. मला सहा दिवस लागले, रोज साधारण एक तास.

मराठी वाचकाला या लिपीत विशेष गोडी वाटावी असे एक कारण आहे. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी आपण शाळेतच पाठ केलेली असते. पण क आणि ख एकाच घरचे आहेत हे देवनागरीत त्यांच्या आकारांवरून कळत नाही. हांगुलमध्ये ते डोळ्यांना दिसते. ‘गियोक’ हे अक्षर म्हणजे वरची आडवी रेघ उजवीकडे खाली वळलेली. क म्हणताना जिभेचे मूळ वर उचलून घसा अडवते, त्याचे ते चित्र आहे. ‘नियुन’ म्हणजे टोकाशी वर उचललेली जीभ, ‘मियुम’ चौकोनी तोंड, ‘शिओत’ दात आणि ‘इउंग’ म्हणजे घशाचे वर्तुळ. गियोकमध्ये एक रेघ वाढवली की श्वास जोराने सोडायचा, म्हणजे ख. नियुनवर एक रेघ चढवली की त-द, आणखी एक चढवली की थ. अक्षरांचे आकार असे का, याचा मूळ खुलासा ज्या ग्रंथात आहे त्याची जुनी प्रत आंदोंग भागात १९४० मध्ये सापडली. तोवर या आकारांबद्दल नाना तर्क चालत. आज ती प्रत कान्सोंग संग्रहालयाकडे आहे आणि १९९७ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदीत तिचा समावेश आहे.

स्वरांची मांडणी तर त्याहून सुटसुटीत आहे. उभ्या रेघेच्या उजवीकडे छोटी काडी काढली की आ, डावीकडे काढली की ऑ. आडव्या रेघेवर काडी ठेवली की ओ, खाली ठेवली की उ. काड्या दोन केल्या की या, यॉ, यो, यु. व्यंजन आणि स्वर एका चौकटीत बसवायचे आणि अंती व्यंजन असेल तर ते खाली ठेवायचे. ज्याने लहानपणी काना, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे गिरवली आहेत त्याला ही चौकट परकी वाटत नाही. कोरियन मुलेही ‘का, क्या, कॉ, क्यॉ’ अशी बाराखडी म्हणत आली आहेत, आणि १९२६ मध्ये हांगुल दिन प्रथम साजरा झाला तेव्हा त्याचे नावच ‘काग्या दिन’ होते.

इतकी चांगली लिपी हाताशी असताना माझा पहिला महिना वाया गेला, कारण मी घेतलेले अॅप प्रत्येक शब्द रोमन अक्षरांत दाखवत होते. रोमनमध्ये ऑ हा एकच स्वर दोन अक्षरांनी लिहितात, आणि ओठ न गोलावता म्हणायचा, मराठीत नसलेला उ-सारखा स्वरही दोन अक्षरांनी. ती अक्षरे वाचली की इंग्रजीची सवय मध्ये येते आणि तोंडातून भलतेच निघते. राजधानीचे नाव आपण ‘सेऊल’ किंवा ‘सोल’ म्हणतो तेही याच वाटेने आलेले आहे. ते ‘सॉ-उल’ असे दोन अक्षरी आहे. आपल्याकडे देवनागरी असताना इंग्रजीच्या दारातून कोरियनमध्ये शिरण्याचे काहीच कारण नाही. पहिले चार-पाच दिवस देवनागरीत टिपून घ्यावे आणि मग तेही सोडून थेट हांगुल वाचावी. देवनागरी फार काळ वापरली तर तिचाही अडथळा होतो, आणि तो कसा होतो हे मला ग्योंग्जू शहरात कळले.

तेथे एका लहान अतिथिगृहात शिरून मी ‘पांग इस्सॉयो?’ म्हणजे ‘खोली आहे का?’ असे विचारले. मालकीणबाईंनी मोठ्या अगत्याने मला बाहेर नेऊन समोरचे पावाचे दुकान दाखवले. ग्योंग्जू हे गोड सारणाच्या छोट्या पावांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे पाहुणीने पाव मागितला यात त्यांना नवल वाटले नाही. खोलीला ‘पांग’ म्हणतात आणि पावाला ‘प्पांग’. (हा ‘प्पांग’ आणि आपला ‘पाव’ दोघेही पोर्तुगीज भाषेतून आले आहेत, एक जपानमार्गे आणि दुसरा कोकण किनाऱ्यावरून.) मी माझ्या कानाला साधा प म्हटला होता, त्यांच्या कानाला तो आवळलेला प्प वाटला, आणि चूक त्यांच्या कानाची नव्हती.

कोरियनमध्ये क, त, प अशा प्रत्येक स्पर्श व्यंजनाची तीन रूपे असतात: साधे, श्वासाचे आणि आवळलेले. ‘ताल’ म्हणजे चंद्र, ‘थाल’ म्हणजे मुखवटा आणि ‘त्ताल’ म्हणजे मुलगी. महाप्राण, म्हणजे ख, थ, फ, आपल्याकडे असल्याने दुसरे रूप आपल्याला फुकट मिळते. अट एवढीच की फ हा ‘फळ’मधला खरा, दोन्ही ओठांचा फ असावा, इंग्रजी वळणाचा दातांवरचा नको. तिसरे रूपही जवळ जवळ फुकट मिळते, कारण आपले क, त, प हे श्वास न सोडता म्हटले जातात आणि कोरियन कानाला ते आवळलेल्या व्यंजनांसारखे लागतात. अडते ते पहिल्या, म्हणजे ज्याला सगळे ‘साधे’ म्हणतात त्याच रूपापाशी. शब्दारंभी त्यात थोडा श्वास असतो आणि सूर खाली असतो. दोन स्वरांच्या मध्ये तेच अक्षर घोष होते, म्हणून मांसाला ‘कोगी’ म्हणताना पहिला क आणि दुसरा ग हे एकाच अक्षराने लिहिले जातात. साधे आणि श्वासाचे व्यंजन सॉउलची माणसे आता मुख्यतः सुराच्या उंचीवरून ओळखतात, आणि अर्थ सुरावरून ओळखण्याची सवय मराठी कानाला नाही. वर्गातील शिक्षिकेने मला सांगितले की, खालच्या सुरात सुरुवात करा, व्यंजन आपोआप सुधारेल. तोंडापुढे कागदाची पट्टी धरून केलेल्या सरावाचा मला झाला त्यापेक्षा या एका वाक्याचा कितीतरी अधिक उपयोग झाला.

दुसरी अडचण लिहिणे आणि बोलणे यांतल्या अंतराची आहे. हांगुल जसे लिहितात तसे वाचतात, असे सर्वत्र सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. सुवॉनहून जाणाऱ्या सुइन-बुन्दांग रेल्वेमार्गावर एक स्थानक ‘सॉन्-रुंग’ असे लिहितात आणि ‘सॉल्लुंग’ असे म्हणतात. त्याच मार्गावर पुढे ‘वांग-सिप्-री’ लिहिलेले स्थानक उद्घोषणेत ‘वांगसिम्नी’ होऊन येते. पुस्तकांनी यासाठी नियमांची मोठी कोष्टके दिली होती आणि ती मला पाठ होत नव्हती. मग एका संध्याकाळी लक्षात आले की, हे तर आपण आठवीपासून संस्कृतच्या तासाला केलेले संधी आहेत. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, तसेच ‘कुक्’ आणि ‘मुल’ मिळून ‘कुङ्मुल’, म्हणजे रस्सा, होतो. जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ होतो, तसे आभार मानण्याच्या शब्दात ‘हाप्-निदा’ लिहून ‘हाम्निदा’ म्हणतात. तल्लीन आठवले की सॉल्लुंग सुचते. र आणि ल यांना एकच अक्षर असणे हेही ‘रलयोरभेदः’ ऐकलेल्या माणसाला खटकत नाही. कोष्टके मी त्या दिवसापासून उघडलेली नाहीत.

व्याकरणाबद्दल मी सर्वांत आनंदाने लिहीन. माझ्या वर्गातील इंग्रजी बोलणाऱ्या दोघी-तिघी क्रियापद शेवटी टाकायला आणि शब्दाला मागून प्रत्यय लावायला महिनोन्महिने झगडत होत्या. मला त्यासाठी वेगळा विचार करावा लागला नाही, कारण वाक्याचा क्रम आपलाच आहे. ‘मी काल घेतलेले पुस्तक’ यातला प्रत्येक शब्द कोरियनमध्ये त्याच जागी बसतो. पण खरे आश्चर्य जोडक्रियापदांचे आहे. ‘पोदा’ म्हणजे बघणे, आणि ‘खाऊन बघ’ हे कोरियन माणूस याच क्रियापदाने म्हणतो. ‘चुदा’ म्हणजे देणे, म्हणून ‘करून दे’. ‘पॉरिदा’ म्हणजे फेकून देणे किंवा टाकणे, आणि ‘खाऊन टाकले’ हे त्यानेच होते. ‘तुदा’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘करून ठेव’. इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकात यांतल्या प्रत्येकाला दोन-दोन पाने स्पष्टीकरण होते, आणि मराठीत एक ओळ पुरते. ‘मला अमुक म्हणतात’ ही स्वतःची ओळख करून देण्याची पद्धतही तीच आहे. बायका नवऱ्याविषयी बोलताना ‘उरी’, म्हणजे ‘आमचे’, असे म्हणतात. ‘आमचे हे’ म्हणत आलेल्या घरात वाढलेल्या मला ते ऐकून फार जवळचे वाटले. मराठीतून कोरियन शिकवणारे एखादे नीट पुस्तक कोणी मनापासून लिहिले तर ते इंग्रजी पुस्तकांच्या निम्म्या पानांत होईल, अशी माझी खात्री आहे.

आदरार्थी रूपांबाबत मात्र मराठीवर विसंबून चालत नाही. तू, तुम्ही, आपण एवढ्या तीन पायऱ्या आपल्याला पुरतात. येथे ज्याच्याशी बोलतो त्याच्यासाठी क्रियापदाचा शेवट बदलतो, आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याच्या मानासाठी क्रियापदाच्या मध्ये वेगळा प्रत्यय येतो. जेवणे, झोपणे, असणे यांना मानाची स्वतंत्र क्रियापदेच आहेत. ‘तुम्ही’ असा शब्द वापरून कोणाला हाक मारायची नसते. नात्याने किंवा पदाने बोलवायचे असते. मोठ्या बहिणीला बाईने ‘ऑन्नी’ म्हणायचे आणि पुरुषाने ‘नुना’. नणंद, जाऊ, मेव्हणी असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे असल्याने नात्यांचे बारकावे समजतात; तोंडात बसायला मात्र वेळ लागतो.

संख्यांच्या दोन माळा आहेत, एक अस्सल कोरियन आणि दुसरी चिनी मुळाची. वाजले किती हे सांगताना तास पहिल्या माळेने आणि मिनिटे दुसऱ्या माळेने मोजतात. हे पाठच करावे लागते. मोठ्या रकमा दहा हजारांच्या पटीत चालतात, म्हणून आपला लाख म्हणजे ‘शिम्मान’, दहा दहा-हजार. आपले दहा कोटी झाले की ‘ऑक’ हा नवा शब्द येतो. घरभाड्याच्या अनामतीचे आकडे ऐकताना हे हिशेब झटकन करता यावे लागतात.

वर्गाविषयी थोडे. मंत्रालयाच्या कार्यक्रमात शून्यावी पायरी १५ तासांची आहे आणि त्यानंतरच्या चार पायऱ्या प्रत्येकी १०० तासांच्या; लिपीला किती आणि भाषेला किती वेळ लागतो, याचा अंदाज या आकड्यांवरूनच यावा. माझ्या दोन पायऱ्या पूर्ण झाल्या आहेत. तोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या प्रारंभिक गटात २०० पैकी ८० गुणांना पहिली आणि १४० गुणांना दुसरी श्रेणी मिळते; मला बाराव्या महिन्यात दुसरी मिळाली. वाचनात गुण भरपूर होते, श्रवणात कमी. माझ्या सगळ्या अनुभवाचे तेच चित्र आहे. दुकानातील पाट्या, औषधाच्या पुडीवरील सूचना, शाळेतून येणारी पत्रके मी आता वाचते. पण घरपोच सामान आणणाऱ्या माणसाचा फोन आला की, समोर चेहरा नसल्याने, दोनदा विचारावे लागते.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून रोज दहा मिनिटे नुसते ऐकावे, अर्थ कळो न कळो. ते मी पाचव्या महिन्यात सुरू केले आणि त्याची भरपाई अजून करते आहे. तिसऱ्या पायरीचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतो. तोवर रोज सकाळी बातम्यांची पाच मिनिटे तीनदा ऐकायची, तिसऱ्या वेळी हांगुलमध्ये उतरवून काढायची, आणि लिहिलेले शेजारच्या आजींना दाखवायचे, असे ठरवले आहे. रोमन अक्षरांचे ते अॅप मी फोनवरून काढून टाकले आहे.