मूल होईल म्हणून विकलेलं ‘वजनाचं पेन’

बहिणीला विचारून लिहितेय. तिचं नाव नको, पण झालं ते सगळ्यांना कळू दे, असं तीच म्हणाली.

तिला लग्नाआधीपासून पीसीओडी, म्हणजे बीजकोश आणि हार्मोनचा त्रास, आहे. पाळी दोन-दोन महिने लांबते, चढलेलं वजन उतरत नाही, हनुवटीवर केस येतात. मूल हवं म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, तेव्हा त्यांनी मेटफॉर्मिन सुरू केली. गोळी मधुमेहाची, हिला मधुमेह नाही. पण या त्रासात बऱ्याच जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. मग इन्सुलिन जास्त तयार होतं, त्यामुळे बीजकोशात पुरुषी हार्मोन वाढतात आणि बीज वेळेवर सुटत नाही. म्हणून ती गोळी. डॉक्टरांनी हे नीट समजावलं होतं. सासरी मात्र गोळ्यांची स्ट्रिप बघून ‘हिला शुगर आहे, माहेरच्यांनी लपवलं’ अशी कुजबुज सुरू झाली. त्यात गोळीनं मळमळ आणि जुलाब, तेही सुरुवातीचेच दिवस.

नेमकी तेव्हाच तिला एका वजन कमी करण्याच्या सेंटरमधली बाई भेटली. मेटफॉर्मिन किडनी खाते, बंद करा, असं तिनं बिनदिक्कत सांगितलं. “ताई, आमचं सेमाग्लुटाइडचं, वजन उतरवायच्या इंजेक्शनचं पेन परदेशातलं आहे. वजन उतरेल, पीसीओडी मुळासकट जाईल आणि दिवस राहतीलच, हे माझ्याकडून लिहून घ्या.” लिहून अर्थात काहीच दिलं नाही. ३५,००० रुपयांचं पॅकेज, पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यावर यूपीआयनं, बिल मागितलं तर “जीएसटी लागेल, कशाला?”

पेन आलं ते साध्या कुरिअरनं, थर्माकोलच्या डब्यात. बर्फाची पिशवी कोमट झालेली. खोकं नाही, माहितीपत्रक नाही. ही इंजेक्शनं वापरायला काढेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायची असतात.

पहिलं इंजेक्शन घेतल्यावर थोड्याच वेळात तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. नवऱ्यानं साखरपाणी पाजून तिला थेट हॉस्पिटलात नेलं. तिथं साखर ४१ भरली. मी पोचले तेव्हा सलाईन चालू होतं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टर पेन उजेडात धरून बघत होत्या. लेबलचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी नखानं तो उचलला तर खाली दुसरंच लेबल, इन्सुलिनच्या पेनचं.

त्यांनी सांगितलं की खऱ्या सेमाग्लुटाइडनं मळमळ होईल, उलट्या होतील, पण मधुमेह नसलेल्या बाईची साखर एका इंजेक्शनात अशी कोसळणं त्या औषधाचं लक्षण नाही. हा प्रकार आपल्याकडेच घडतो असंही नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रियात नकली ओझेम्पिक (सेमाग्लुटाइडचंच एक ब्रँड नाव) घेतलेल्या लोकांना साखर उतरल्यानं हॉस्पिटलात दाखल करावं लागलं होतं, त्यातही इन्सुलिनचाच संशय होता. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नकली सेमाग्लुटाइडबद्दल जाहीर इशाराही दिला.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हॉस्पिटलात नर्सनं पहिल्या काही प्रश्नांतच विचारलं, “शेवटची पाळी कधी आली? दिवस राहिलेत का?” सेंटरच्या बाईनं हे एकदाही विचारलं नव्हतं. मूल होईल या आशेवर तिनं जे औषध विकलं, ते अगदी अस्सल असतं तरी गरोदरपणात चालत नाही. सेमाग्लुटाइड गर्भधारणेचा विचार करण्याआधी किमान दोन महिने बंद करावं लागतं. वजन उतरल्यावर बीज सुटायला लागून अचानक दिवस राहू शकतात, म्हणून तोवर गर्भनिरोधकही लागतं. टिर्झेपटाइड, म्हणजे मौंजारो नावानं मिळणारं असंच दुसरं औषध, घेणाऱ्या बाईची गर्भनिरोधक गोळी कमी लागू पडू शकते. औषध सुरू करताना आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरा उपाय वापरायला सांगतात. यातलं एक अक्षरही त्या बाईनं उच्चारलं नाही.

औषधांवर माझा राग नाही. मौंजारो आणि वेगोव्ही (हेही सेमाग्लुटाइडच) २०२५ मध्ये भारतात रीतसर आली आणि योग्य पेशंटला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यांचा उपयोग होतो. पण ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आणि लठ्ठपणा, मधुमेह, पाळीच्या तक्रारी, वंध्यत्व बरं करण्याच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. त्या सेंटरच्या पत्रकावर यातल्या तिन्ही-चारही गोष्टींची हमी छापलेली होती!

बहीण आता ठीक आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन पुन्हा कमी डोसपासून, जेवणासोबत सुरू केली आणि या वेळी पोटाला सोसतेय. वजनाच्या पाच टक्के जरी उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो, असं त्यांनी सांगितलंय, त्यामुळे ती जेवण आणि चालणं सांभाळते.

अन्न व औषध प्रशासनाकडे आम्ही लेखी तक्रार दिलीय. तुमच्या घरात असं पेन आलं असेल तर टोचू नका आणि फेकूही नका. डब्यासकट, कुरिअरच्या चिठ्ठीसकट फ्रिजमध्ये ठेवा, चॅट पुसू नका, पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. टोचलंच असेल आणि घाम, थरथर, गुंगी जाणवली तर शुद्धीत असलेल्या माणसाला साखर द्या आणि पेन हातात घेऊनच हॉस्पिटल गाठा.