पत्र्याचे सहा खण स्वतः केले, त्याला अकरा महिने झाले

सेलूला आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. बेअरिंग, सील, बुश, कपॅसिटर हे सगळं वडिलांनी तीस वर्षं तेलाच्या रिकाम्या डब्यांत ठेवलं. रब्बीत शेताला रात्रीची लाइट असली की मोटरी जळून येतात. गव्हाचं पाणी अडलेला माणूस दारात उभा, आणि आम्ही ६२०४ नंबरचं एक बेअरिंग शोधायला तीन डबे पालथे करतोय, हे मला बघवत नव्हतं. सहा खणांच्या तयार लोखंडी कपाटाचा भाव चौदा हजार निघाला. मागच्या आषाढात पाऊस लागला, काम मंदावलं, तेव्हा खण, म्हणजे ड्रॉवर, घरीच करायला घेतले.

हाताशी ड्रिल मशीन, पत्राकात्री, कानस, गुण्या, हातोडा आणि चार इंची ग्राइंडर एवढंच होतं. वेल्डिंग मशीन नाही, पत्रा वाकवायचं मशीन तर नाहीच. नवी घेतली ती फक्त रिव्हेट गन, साडेतीनशेची.

पत्र्याचा हिशोब आधी कागदावर केला आणि त्यातच निम्मे पैसे वाचले. आठ बाय चार फुटी पत्रा म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. खणाचा तळ ४२४ बाय ४५० आणि बाजूची उंची १०० धरली होती. वरच्या कडेला १० मिमी घडी. म्हणजे एका खणाला ६४४ बाय ६७० चा तुकडा लागतो, आणि १२२० च्या रुंदीत असे दोन बसत नाहीत. अख्ख्या पत्र्यात तीनच खण निघत होते. उंची ७५ केली तसा तुकडा ५९४ बाय ६२० चा झाला, रुंदीत दोन बसले आणि एकाच पत्र्यात सहाही खण निघाले. वर ५८० मिमीचा पट्टा उरला, त्यातून खणांच्या दर्शनी पट्ट्या निघाल्या. बेअरिंगला १०० उंची लागतही नाही. उथळ खणात सगळं एका नजरेत दिसतं.

पत्रा जालन्याहून आणला. जालना सळईचं गाव असलं तरी पत्र्याचे व्यापारीही तिथे आहेत, आणि दाजी तिथेच असतात. वीस गेजचा, म्हणजे ०.९ मिमी जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला, जस्त न चढवलेला) पत्रा. अख्ख्याचं वजन एकवीस किलोच्या आसपास. दुकानदाराने तो शिअरिंग मशीनवर मापाने कापून दिला. हे प्रत्येकाने करावं. ग्राइंडरने कापलेली कड घरी कितीही घासली तरी सरळ येत नाही. दाजींनी तुकडे पोत्यात बांधले आणि मी ते पॅसेंजरने घरी आणले.

वाकवण्यासाठी भंगारातून ५० बाय ६ चे अँगलचे दोन तुकडे घेतले, दोन्ही टोकांना भोकं पाडून बोल्ट लावले. त्यात पत्रा आवळायचा आणि लाकडाचा ठोकळा मध्ये धरून हातोड्याने थोडं थोडं ठोकत, या टोकापासून त्या टोकापर्यंत परत परत जात वाकवायचा. एकाच जागी जोर लावला की तिथे पोक येतो. आधी चारही कडांची घडी, मग समोरासमोरच्या दोन बाजू. खरी अडचण शेवटच्या दोन बाजूंना येते, कारण तोवर दोन भिंती उभ्या राहिलेल्या असतात आणि लांब अँगल आत जात नाही. त्यासाठी ४२० मिमी लांबीचा बाभळीचा ठोकळा रंधून घेतला, तो आतून बसवला आणि शिकंज्याने टेबलाला आवळला. कोपऱ्यात जोडासाठी ठेवलेलं १५ मिमीचं पत्र्याचं पान आत घेऊन ३.२ मिमीचे रिव्हेट मारले. वेल्डिंगचं विचारलं तर शेजारचे वेल्डिंगवाले मामा म्हणाले, "आर्कला हा पत्रा टिकणार नाही रे, भोकं पडतील. रिव्हेटच मार." २५ मिमी अँगलचा सांगाडा मात्र त्यांनीच सहाशे रुपयांत जोडून दिला.

पहिला खण सांगाड्यात गेलाच नाही. टेलिस्कोपिक चॅनेल, म्हणजे खण ज्यावर सरकतो ती गोळ्यांची जोडपट्टी, एका बाजूला १२.७ मिमी जागा घेतं, म्हणून ४५० च्या मोकळ्या जागेत खण बाहेरून बाहेर ४२४ हवा. मी रेघा ४२४ वर मारल्या, पण ठोकळा आतून असल्यामुळे ते आतलं माप झालं. बाहेरून दोन्ही पत्र्यांची जाडी वाढून खण ४२६ चा झाला. दोन मिमीने चॅनेल असं अडकलं की खण ओढताना सांगाडा हलत होता. पुढचे पाच खण ४२२ च्या रेघेवर केले, ते हाताच्या एका बोटाने सरकतात. सांगाड्याचे दोन्ही कर्णही मोजून घ्या. आमच्याकडे तीन मिमीचा फरक निघाला, तो मामांनी जॅक लावून काढून दिला.

खर्च असा झाला: पत्रा १,८००, अठरा इंची चॅनेलच्या सहा जोड्या १,२६०, अँगल ८३०, वेल्डिंग ६००, रिव्हेट-प्रायमर-रंग ७००, रिव्हेट गन ३५०. एकूण ५,५४०. मजुरी म्हणून माझे पावसाळ्यातले नऊ दिवस.

आता वापराचं. दिवाळीपर्यंत काहीच तक्रार नव्हती. रब्बी सुरू झाली, खण भरले, तेव्हा दोष दिसायला लागले. ६३०५ ची चाळीस बेअरिंग म्हणजे नऊ किलोच्या वर वजन. त्यात सील आणि बुश धरले तर खण पंधरा किलोला गेला. भिंती ताठ राहिल्या, तळ मात्र मध्ये सहा मिमी खाली आला आणि खालच्या खणातल्या मालाला घासायला लागला. उरलेल्या पत्र्याच्या काटकोनी पट्ट्या करून प्रत्येक तळाखाली दोन-दोन रिव्हेट केल्या, तेव्हापासून झोळ नाही. भिंतींना वरची घडी होती म्हणून त्या टिकल्या, तळाला काहीच नव्हतं. जाड पत्रा घेऊन वजन आणि खर्च वाढवण्यापेक्षा पातळ पत्र्याला जागोजागी घडी द्यावी, असं माझं आता ठाम मत आहे.

दुसरी गोष्ट धोक्याची आहे. वरचे दोन भरलेले खण एकदम ओढले की सांगाडा पुढे झुकतो. एकदा वडील समोर असतानाच तो झुकला, मी धरला म्हणून निभावलं. त्याच दिवशी मागून दोन फास्टनर मारून तो भिंतीला बांधला आणि जड माल खालच्या खणांत नेला. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

चॅनेलला मी सुरुवातीला तेल दिलं, ते चुकलं. उन्हाळ्यात आमच्याकडे काळ्या मातीची बारीक धूळ दारातून आत येते, त्यात तांब्याच्या तारेचा कीस. तेलात बसून त्याचा चिखल झाला आणि वैशाखात दोन चॅनेल करकरायला लागले. बाजूच्या काळ्या लिव्हरने खण काढले, गोळ्यांची पट्टी रॉकेलने धुतली, कोरडी पुसली. आता तेल देत नाही, महिन्यातून एकदा फक्त ब्रश मारतो. एका चॅनेलची पट्टी वाकली होती, ते बदलायला रिव्हेट ड्रिलने उडवावे लागले. म्हणून खणाचे कोपरे रिव्हेटने जोडा, पण चॅनेल ४ मिमीच्या चपट्या डोक्याच्या स्क्रू-नटनेच लावा.

रंगाने मला सगळ्यात जास्त दमवलं. सीआरसी पत्र्यावर तेलाचा थर असतो. पहिले दोन खण थिनरने न पुसता रेडऑक्साइड मारला, त्यांचे पोपडे निघाले. उरलेले चार नीट पुसून रंगवले, ते शाबूत आहेत, फक्त रिव्हेटच्या भोकांभोवती थोडा गंज दिसतो. आज पत्रा घ्यायचा असता तर जस्ताचा जीपी घेतला असता आणि रंगवलाच नसता. वेल्डिंग करायचंच नाही, मग जस्त जळायची चिंता कशाला?

वडिलांची नजर आता अधू झालीये. वरून तिसरा खण, डाव्या कोपऱ्यात ६२०४, हे त्यांच्या हाताला पाठ झालंय. लाइट गेलेली असली तरी बेअरिंग काढून देतात. पहिला ४२६ चा खण ठोकून-ठोकून बसवलाय, तो अजून जडच सरकतो. त्याच्यासाठी पत्रा आणून ठेवलाय, पाऊस लागला की तो नवा करायला घेणार.