स्टेनलेस रिव्हॉल्व्हरला चमक आणली, त्याला आठ महिने झाले

आमच्या घरी खंडेनवमीला विळी, कोयता, करवत, आजोबांचा रंधा असं सगळं घासूनपुसून देवापुढे मांडायची पद्धत. ह्यूस्टनला आल्यावरही ती मी सोडली नाही. गेल्या वर्षी पाटावर स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, ड्रिल मशीन आणि माझं स्मिथ अँड वेसन ६८६ ठेवलं. समईच्या उजेडात सुऱ्या लखलखत होत्या आणि रिव्हॉल्व्हर राखेतून काढल्यासारखं करडं दिसत होतं. ते मनाला लागलं. फेब्रुवारीत मी ते पॉलिश केलं. आता ऑक्टोबर आहे. मधल्या काळात साधारण दर पंधरवड्याला नेमबाजीच्या रेंजवर नेलंय, तेव्हा आता काही ठामपणे लिहिता येईल.

६८६ हे ३५७ मॅग्नम काडतुसाचं, सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. कारखान्यातून ते सॅटिन फिनिशमध्ये येतं, म्हणजे एकाच दिशेने ओढलेल्या अगदी बारीक रेघांमुळे दिसणारी मंद झाक. माझं जुनं, आधीच्या मालकाकडे होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घासलेलं, त्यामुळे ती झाकही एकसारखी उरली नव्हती.

सुरुवात नुसत्या पॉलिशने केली. मदर्सचं मॅग अँड अ‍ॅल्युमिनियम पॉलिश, गाडीच्या चाकांसाठी मिळतं ते. जुन्या बनियनच्या तुकड्यावर नखाएवढं घ्यायचं आणि घासायचं. दोन मिनिटांत फडकं काळंकुट्ट होतं. तो मळ नव्हे, निघालेला धातू आहे. तासाभराने चमक नक्की वाढली, पण बॅरलमध्ये दिव्याचं प्रतिबिंब पाहिलं तर कडा विस्कटलेल्याच. खाली सॅटिनच्या रेघा तशाच होत्या आणि प्रकाश त्यांच्यावर फुटत होता. ज्यांना थोडा उजाळा हवाय त्यांनी इथेच थांबावं. निम्म्याहून जास्त लोकांना एवढंच पुरेल, असं माझं मत आहे.

मला प्रतिबिंब हवं होतं, म्हणून पॉलिश पेपर आणला. ६००, ८००, १०००, १५००, २०००, नंबर मोठा तितका पेपर बारीक, सगळे पाण्यात भिजवून. खरं काम इथे आहे. प्रत्येक नंबर आधीच्याला आडवा मारायचा, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते कळतं. घाई करून ८००च्या रेघा ठेवून पुढे गेलात तर २००० नंतर पॉलिश लावताना त्या पुन्हा वर येतात आणि सगळं मागे जाऊन करावं लागतं. सपाट जागी पेपरखाली खोडरबर धरला, बोटाने दाबलं नाही. बोटाने दाबलं की मध्ये खळगा पडतो. मला सहा संध्याकाळी लागल्या.

मोटरवर फेल्टचं चाक लावून हे अर्ध्या तासात होतं असं बरेच जण सांगतात. कृपया करू नका. फ्रेमच्या उजव्या बाजूला साइडप्लेट, म्हणजे आतली यंत्रणा झाकणारी पट्टी, बसते, तिचा सांधा इतका बारीक असतो की नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. मऊ चाक त्या सांध्याच्या कडा खाऊन टाकतं आणि मग तिथे कायमची रेघ दिसते. कोरलेल्या अक्षरांच्या कडाही अशाच विरघळतात. मी अक्षरांवर टेप लावून भोवतीनेच पेपर फिरवला.

हात लावण्याआधी सिलिंडर उघडून सहाही खाने पाहायचे, बोट घालून पुन्हा पाहायचे, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची. मूठ काढली, साइडप्लेटचा पुढचा स्क्रू काढून सिलिंडर योकसकट, म्हणजे तो ज्या दांड्यावर बाहेर झुलतो त्यासकट, पुढे ओढून बाहेर घेतला. साइडप्लेटला हात लावला नाही. जुन्या ६८६चा घोडा आणि चाप स्टेनलेस नसतात, साध्या पोलादावर क्रोमचा पातळ थर असतो. तो घासला तर खालचं पोलाद उघडं पडून गंजेल. नळीचं तोंड, सिलिंडरचे खाने आणि मागचे दातेही तसेच सोडले. मुठीखालच्या सीरियल नंबरवर टेप लावलीच पाहिजे, तो मिटवणं किंवा बदलणं हा अमेरिकेत संघीय गुन्हा आहे.

एक चूक मात्र झाली. घोड्याजवळच्या अडचणीच्या कोपऱ्यात पेपर जाईना, म्हणून तिथे साधी लोखंडी स्टील वूल, म्हणजे केसांसारख्या बारीक तारांचा पुंजका, वापरली. तीन आठवड्यांनी त्याच कोपऱ्यात मोहरीहून लहान नारिंगी ठिपके. धक्काच बसला, कारण स्टेनलेस गंजत नाही असंच आपण धरून चालतो. स्टेनलेसमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, त्याचा हवेशी संयोग होऊन वर एक अदृश्य पापुद्रा बनतो आणि तो धातूला राखतो. पण लोखंडी वूलचे कण पृष्ठभागात रुतून बसले की ते गंजतात, आणि ह्यूस्टनच्या दमट हवेत तर लगेच. पॉलिशने दोनदा घासून ठिपके गेले, ते परत आलेले नाहीत. अशा कोपऱ्यासाठी आता लाकडी काडीला सुती कापड गुंडाळतो.

आठ महिन्यांनंतर चमक टिकून आहे. काजळी पुसायला पूर्वीपेक्षा कमी कष्ट पडतात, गुळगुळीत पृष्ठभागावर ती धरून राहत नाही. सिलिंडरच्या तोंडावरची काळी कडी मात्र दर वेळी येतात. ती मी आता काढतच नाही, दर वेळी घासून धातू झिजवण्यात अर्थ नाही. बोटांचे ठसे लगेच दिसतात. होल्स्टरच्या रेघाही, त्या सॅटिनमध्ये लपून जायच्या. दर दोन महिन्यांनी पॉलिशचा हलका हात देतो, वर रेनेसाँ वॅक्सचा पातळ थर. हे मेण मुळात ब्रिटिश म्युझियमने वस्तू जपण्यासाठी तयार केलेलं, त्यावर ठसा सहज पुसला जातो. चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देणं बंद केलं, चामडं ओल धरून ठेवतं.

ज्या निर्णयाचं मला सर्वांत समाधान आहे तो म्हणजे वरची पट्टी आणि बॅरलची वरची धार मी मंदच ठेवली. टेक्सासच्या जुलैमधल्या उन्हात उघड्या रेंजवर उभं राहिलं की कळतं. रेंजवर ओळखीच्या एकाने वरूनही आरसा केलाय, त्याला नेम धरताना डोळे बारीक करावे लागतात.

अगदी कोरं, डब्यासकट ठेवलेलं जुनं मॉडेल असेल तर हात लावू नका. संग्राहकाला मूळ फिनिशच हवं असतं. स्कॉच-ब्राइटच्या घासणीने पुन्हा सॅटिन करता येतं, पण कारखान्याचं ते कारखान्याचंच.

यंदा नवमीला रिकामं करून ते पुन्हा पाटावर ठेवलं. ओलं कुंकू लावलं नाही, एक झेंडूचं फूल वाहिलं आणि रात्रीच पुसून मेण लावून तिजोरीत ठेवलं. पुसताना दिसलं, बॅरलच्या डाव्या बाजूला अक्षरांखाली ८०० नंबरच्या दोन रेघा अजून आहेत. थंडी पडली की त्या काढायला बसणार आहे.