नऊ महिने वापरल्यावर: लेकरांच्या उंचीचं घरगुती आर्केड

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरी लेकरांसाठी छोटं आर्केड, म्हणजे उभं राहून खेळायचं बटणा-दांडीचं गेमचं खोकं, बनवलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, पुलगावपासून आत. कापसाचा हंगाम, उन्हाळा आणि अर्धा पावसाळा त्यानं पाहिला, म्हणून आता लिहितो आहे.

आधी माप. नेटवरचे बहुतेक आराखडे मोठ्या माणसाच्या उंचीचे. मी सहा वर्षांच्या लेकीला भिंतीला टेकून उभं केलं आणि कोपरापर्यंतची उंची मोजली: 68 सेंटीमीटर. बटणांची फळी 64 वर घेतली. बटणांच्या जागा पुठ्ठ्यावर आखून तिचा पंजा ठेवला, तर नेहमीच्या मांडणीत तिसऱ्या बटणावर तिचं बोटच पोचेना. मग 30 मिलिमीटरऐवजी 24 ची बटणं घेतली आणि जवळजवळ बसवली. पुठ्ठ्यावर गेलेला तो अर्धा तास सगळ्यात कामी आला.

मी एमडीएफ आणायला निघालो होतो. गावातले सुतारकाका म्हणाले, "भाऊ, हे भुश्याची पाटी हाय. पानी लागलं का फुगते. कूलरपाशी ठेवसान तं गेलीच समजा." त्यांचं ऐकून 12 मिलिमीटरचं प्लायवूड घेतलं, फक्त पडद्याभोवतीची चौकट एमडीएफची ठेवली. मे महिन्यात समोर कूलर चालला आणि नेमकी तीच चौकट खालच्या कडेला फुगली. प्लायवूडला काही झालं नाही. पोरं रेलतात म्हणून तळाशी दोन विटा ठेवल्या आहेत आणि मागून भिंतीला पट्टी ठोकली आहे.

आत रास्पबेरी पाय 3 बी प्लस हा तळहाताएवढा संगणक-बोर्ड, त्यावर जुने गेम चालवणारं रेट्रोपाय हे सॉफ्टवेअर, आणि नागपूरला सीताबर्डीत घेतलेला जुना 17 इंची मॉनिटर. सगळं मिळून साधारण साडेअकरा हजार लागले.

खरा त्रास लाईनचा. पहिल्या दोन महिन्यांत दोनदा मेमरी कार्ड बिघडलं. गेम सुरू असताना लाईन गेली, परत आली, पण पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. कार्डावर काही लिहिणं चालू असताना वीज तुटली की असं होतं. दोन्ही वेळा लेकीची सेव्ह केलेली सगळी प्रगती गेली आणि ती रडली, ते अजून लागतं. आता तीन गोष्टी केल्या आहेत. 5 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. घेताना तो अडीच अँपिअर देतो का, हे बघून घ्या. मोबाईलच्या चार्जरवर पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येत होतं, म्हणजे बोर्डाला वीज कमी पडत होती. दुसरं, बोर्डाच्या पाचव्या आणि सहाव्या पिनेला एक बटण जोडून सेटिंगमध्ये शटडाऊन ओव्हरले चालू केला, म्हणजे बटण दाबलं की बोर्ड नीट बंद होतो. मॉनिटर काळा पडला की पोरं आता आपणहून ते लाल बटण दाबतात. तिसरं, तयार कार्डाची एक प्रत काढून कपाटात ठेवली आहे. हे सगळं पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

भाव वाढायची वाट बघत कापूस शेजारच्या खोलीत भरून ठेवला होता. डिसेंबरमध्ये आर्केडच्या आतला पंखा घरघरायला लागला म्हणून मागची फळी उघडली, तर जाळीवर रुईचा गादीसारखा थर. बोर्डाचं तापमान 80 अंशांवर गेलं की तो आपोआप हळू चालतो, आणि आमच्याकडे मे महिन्यात बाहेरच 45. जाळी आता दर रविवारी ब्रशनं झाडतो. आतली 230 व्होल्टची जोडणी वेगळ्या कप्प्यात, स्क्रूनं बंद. तो कप्पा पोरांसमोर उघडत नाही.

जॉयस्टिकबद्दल एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. 1980 च्या पॅक-मॅनसारखे भुलभुलैयाचे गेम चार दिशांच्या दांडीसाठी बनलेले. आमची दांडी आठ दिशांची. लेक वळणावर जोरात तिरपी ओढायची आणि गडी कोपऱ्यातच थांबायचा. तिला वाटायचं, आपल्यालाच जमत नाही. दांडीखालची चौकोनी प्लेट फिरवून चार दिशांवर बसवली, आणि त्याच संध्याकाळी ती पहिल्यांदा पूर्ण लेव्हल पार करून गेली. गेमसाठी मेम (MAME) या जुने आर्केड गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरून सुरुवात करा. हक्कदारांनी बिनव्यापारी वापरासाठी मोकळे केलेले काही जुने गेम तिथे आहेत.

मोबाईलवर प्रत्येक पोट्टा आपापल्या कोपऱ्यात असायचा. इथे ओसरीत चौघं उभी राहतात, एक जीव गेला की दुसऱ्याचा डाव. आईही दुपारी पोळ्या झाल्या की बघायला येते.

नऊ महिन्यांत लेक चार सेंटीमीटर वाढली, आता फळी तिला खाली पडते. सुतारकाका जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून 5 सेंटीमीटरचे चार ठोकळे कापून देत आहेत. चार वर्षांच्या पुतणीसाठी देवघरातला पाट आधीच ओसरीत आला आहे.