लाजऱ्या मुलासाठी पुस्तक: बुजऱ्या नायकाची गोष्ट की नुसती चित्रे?

परिपाठात सुविचार सांगायला उभे केले की ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, अशा मुलासाठी दोन प्रकारची पुस्तके विचारात घेता येतात. पहिल्या प्रकारात नायकच बुजरा असतो. त्याच्या छातीतली धडधड आणि घामेजलेले तळहात वाचून, असे आपल्या एकट्यालाच होत नाही, हे मुलाला कळते. मात्र यांतील बऱ्याच गोष्टी शेवटच्या पानावर नायकाला थेट स्नेहसंमेलनाच्या मंचावर नेतात. ते मला खटकते, कारण भीती एका झटक्यात जात नसून लहान लहान प्रसंगांच्या सरावाने ओसरते.

दुसऱ्या प्रकारात केवळ चित्रे असतात. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा अकोल्याकडे वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला शाळेच्या प्रमाण मराठीत चुकण्याचा धाक वेगळाच असतो. चित्रांपुढे तो उरत नाही. बैलबाजाराच्या चित्रावर बोट ठेवून आजीने "हा बैल काहून रुसला रे?" असे विचारले, की मूल आपल्याच बोलीत उत्तर देते आणि ते चुकीचे ठरण्याचा प्रश्नच येत नाही.

सहा-सात वर्षांपर्यंत मी चित्रपुस्तकच निवडेन. स्वतः वाचू लागलेल्या मुलाला गोष्ट अवश्य द्यावी, पण नंतर "तूही असाच आहेस ना?" असे चारचौघांत विचारू नये.