दुकानाच्या पाटीसाठी पॉपिन्स बोल्ड की मुक्ता?

कोल्हापुरात राजारामपुरीत नवं दुकान टाकताय आणि पाटीवाला विचारतोय, "फॉन्ट कुठला घेऊ?" तर आधी दुकानाचं नाव बघा. नाव 'अंबा' असेल तर पॉपिन्स बोल्ड, म्हणजे पॉपिन्स फॉन्टची जाड अक्षरं, डोळे झाकून घ्या. 'ज्योतिर्लिंग' असेल तर जरा थांबा.

पॉपिन्स भौमितिक घराण्यातला. या घराण्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे जर्मनीच्या पॉल रेनर यांचा १९२७चा फ्युचुरा. अक्षरं कंपासनं काढल्यासारखी, रेषेची जाडी सगळीकडं जवळपास एकच, टोकांना फुलोरा नाही. 'इंडियन टाइप फाउंड्री' या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीनं पॉपिन्समध्ये हेच वळण देवनागरीतही आणलं. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. आपली लिपी बोरूच्या तिरक्या छाटातून जाड-बारीक होत आलेली, तरी व, ब, ठ, ळ यांना हा गोलवा शोभतो. जाड केल्यावर तर अक्षर छाती काढून उभं राहतं.

अडचण शिरोरेषेच्या वर आहे. 'र्लिं'मध्ये वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकाच जागेसाठी भांडतात. रेषा जाड झाली की मधली पांढरी जागा बुजते आणि रस्त्यापलीकडून काळा ठिपका दिसतो. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता इथं सरस. त्याची वळणं हाताच्या लिखाणाला जवळची, जोडाक्षरं मोकळी. रुबाब कमी, पण वाचता येतं. मेनूकार्ड, बिलबुक, दरपत्रक यांसाठी मी तरी मुक्ताच घेईन.

पॉपिन्सची एक गोष्ट मात्र पाटीवर फार कामाची. दुकानांच्या कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर राज्यात पाटीवरची मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. पॉपिन्समधली इंग्रजी कॅपिटल अक्षरं देवनागरीपेक्षा मुद्दाम बुटकी ठेवली आहेत, त्यामुळं दोन्ही ओळी एकाच मापात टाकल्या तरी मराठी उठून दिसते. तोटा एवढाच, की इंग्रजी ओ जवळपास पूर्ण गोल असल्यानं नाव आडवं पसरतं. गाळा अरुंद असेल तर उंच, चौकोनी टेको बघा. कुस्तीच्या पोस्टरलाही तोच शोभतो. आइस्क्रीम किंवा लहान मुलांचे कपडे असतील तर गुबगुबीत बलू २. चांदीच्या दुकानाला तो नको, खेळण्यातली चांदी वाटेल.

चारही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. पॉपिन्समध्ये नऊ जाड्या मिळतात, म्हणून सगळ्यात जाडच घ्यायची असं नाही. आतून एलईडी लागणार असेल तर बोल्डऐवजी त्याहून एक पायरी बारीक सेमीबोल्ड घ्या, कारण उजेड पसरून रात्री अक्षर आणखी फुगतं. आणि कृपा करून त्यावर सावली, पांढरी कड, मागून ज्वाळा असला फ्लेक्सवरचा नाद खुळा थाट नको. साध्या जाड अक्षराचा सगळा जोर त्यात मरतो.

कटिंगला देण्याआधी 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आलेत का, हे तपासा. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली नसेल तर पुष्कळदा हिंदी वळणाचे येतात, आणि अक्रिलिक एकदा कापलं की पाटीवाला ते बदलून देत नाही.